प्राथमिक लेखाकर्म, गुंतवणूक व कंपनी वित्तातील गृहपाठाची उदाहरणे : उकलीची पद्धती आणि अध्यापनाचे काही प्रश्न

सारांश

वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गात लेखाकर्म, गुंतवणूक व्यवस्थापन आणि कंपनी वित्त हे विषय बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. विद्यार्थीही प्रत्येक विषयाची उदाहरणे वेगळ्या सूत्रांनी व वेगळ्या नमुन्यांनी सोडवितात. उत्तर जुळते, परंतु आकडा किंवा शब्दरचना थोडी बदलली की उकल अडते. या तिन्ही विषयांच्या प्रारंभिक उदाहरणांमागे एकच विचारसूत्र आहे : व्यवहार कोणाच्या दृष्टीने पाहावयाचा, आणि तो कोणत्या काळाचा मानावयाचा. प्रस्तुत लेखात हे सूत्र सोडविलेल्या उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले असून गृहपाठाची रचना व तपासणी यांविषयी काही सूचना केल्या आहेत.

बीजशब्द : नावे-जमा, समायोजना, बँक जुळवणी पत्रक, वर्तमान मूल्य, रोख प्रवाह, घसारा, करबचत, गृहपाठ.

१. प्रस्तावना

व्यवहारी गणिताची उदाहरणे सोडवून शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) मिश्रव्यवहाराच्या प्रकरणात मुद्दल व व्याजाची उदाहरणे आहेत. युरोपात लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या गणितग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापील स्वरूपात आले. आजच्या रकमेची व उद्याच्या रकमेची तुलना कशी करावी या प्रश्नाला अर्विंग फिशर यांनी १९०७ व १९३० मधील आपल्या ग्रंथांत सैद्धांतिक बैठक दिली. म्हणजेच आज आपण तीन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत विभागलेले विषय मुळात एकाच व्यवहाराचे, देण्याघेण्याचे, तीन पैलू आहेत.

प्रत्यक्ष वर्गात मात्र हे नाते हरवते. विद्यार्थी समायोजनांची यादी पाठ करतो, जुळवणी पत्रकातील ‘अधिक’ व ‘वजा’ लक्षात ठेवतो आणि निव्वळ वर्तमान मूल्याच्या तक्त्यात आकडे भरतो. मार्गदर्शकांतील तयार उत्तरे पूर्वीही होती. आता मोबाइलवर प्रश्न टाकताच संपूर्ण उकल मिळते. त्यामुळे वहीत असलेले अचूक उत्तर हा आकलनाचा पुरावा राहिलेला नाही. हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. हाच विद्यार्थी उद्या पतसंस्थेत कर्जप्रकरणे पाहणार आहे, एखाद्या लघुउद्योगाचे हिशेब लिहिणार आहे किंवा घरच्या माणसांना कर्ज घ्यावे की नाही याचा सल्ला देणार आहे. तेव्हा त्याच्या हाती तयार तक्ता नसतो.

२. उकलीचे पाच टप्पे

कोणतेही प्राथमिक उदाहरण पुढील क्रमाने सोडविण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येते.

(१) दृष्टिकोन : उदाहरण कोणाच्या वह्यांतून किंवा कोणाच्या खिशातून पाहावयाचे आहे, हे एका वाक्यात लिहिणे.
(२) कालरेषा : एक आडवी रेषा आखून तिच्यावर तारखा किंवा वर्षे मांडणे व प्रत्येक रक्कम तिच्या जागी लिहिणे.
(३) अदमास : आकडेमोडीपूर्वी उत्तर साधारण किती यावे, ते धन असावे की ऋण, याचा अंदाज करणे.
(४) आकडेमोड : सूत्र किंवा नमुना वापरून उत्तर काढणे.
(५) पडताळा व अर्थ : दुसऱ्या मार्गाने उत्तर तपासणे व त्याचा अर्थ साध्या मराठीत लिहिणे.

यांपैकी चौथ्या टप्प्यालाच आपण बहुतेक सर्व गुण देतो. वास्तविक पहिल्या तीन टप्प्यांत चूक झाली तर चौथ्यातील अचूकता निरुपयोगी ठरते.

३. लेखाकर्म : कोणाची वही, कोणते वर्ष

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण शब्दांपासूनच सुरू होते. बोलीत ‘पैसे जमा झाले’ म्हणजे पैसे आले. देशी कीर्दीतही आलेली रक्कम जमेच्या बाजूस लिहिण्याचा प्रघात आहे, कारण ती देणाऱ्याच्या नावावर जमा होते. द्विनोंदी पद्धतीत मात्र रोख आली की रोख खाते ‘नावे’ होते. विद्यार्थ्याला हा विरोधाभास वाटतो आणि तो समजून घेण्याऐवजी नियम घोकतो. येथे अध्यापकाने एवढेच सांगावे की ‘जमा’ हा शब्द कोणत्या खात्याविषयी आहे, हे आधी विचारावे. ग्राहकाने पैसे दिले. त्याच्या खात्यावर जमा, आपल्या रोख खात्यावर नावे. दोन्ही विधाने एकाच घटनेची आहेत.

हाच प्रश्न बँक जुळवणी पत्रकात पुन्हा येतो. पुढील उदाहरण पाहावे. रोकड पुस्तकाच्या बँक रकान्यातील नावे शिल्लक रु. १८,०००. दिलेला परंतु बँकेत सादर न झालेला धनादेश रु. ४,०००. भरलेला परंतु न वटलेला धनादेश रु. ६,५००. बँकेने आकारलेले शुल्क रु. १५०, ज्याची नोंद रोकड पुस्तकात नाही. पासबुकातील शिल्लक किती?

नियम आठवण्याऐवजी प्रत्येक बाबीस एकच प्रश्न विचारावा : ही घटना कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला अजून नाही? दिलेला धनादेश आपल्याला ठाऊक आहे, बँकेला नाही. म्हणून बँकेच्या दृष्टीने ते ४,००० अद्याप आपलेच आहेत. भरलेला धनादेश आपण मिळविला आहे, बँकेने नाही. म्हणून ६,५०० तिच्याकडे कमी. शुल्क बँकेला ठाऊक आहे, आपल्याला नाही. म्हणून १५० कमी. पासबुकाची शिल्लक : १८,००० + ४,००० − ६,५०० − १५० = रु. १५,३५०. ती पासबुकात जमा बाजूस दिसते, कारण बँकेच्या वहीत आपण धनको आहोत.

रोकड पुस्तकाची शिल्लक ओव्हरड्राफ्ट असली की पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात व ‘नियम उलटे करा’ हे सूत्र शोधतात. ते अनावश्यक आहे. आरंभीची रक्कम उणे १८,००० धरावी. बाकी सर्व चिन्हे तीच राहतात व उत्तर उणे २०,६५०, म्हणजे तेवढ्या रकमेचा ओव्हरड्राफ्ट, असे येते. या पत्रकातील बाबींपैकी केवळ शुल्काची नोंद आपल्या पुस्तकात करावयाची राहते, हेही ‘कोणाला ठाऊक नाही’ या प्रश्नातूनच कळते. धनादेशांचे वटणे आता पुष्कळ जलद झाले असल्याने फरकाची कारणे बदलली आहेत. बँकेने परस्पर घेतलेले शुल्क, परस्पर आलेल्या रकमा व स्थायी सूचनांनुसार गेलेले हप्ते यांचे प्रमाण वाढले आहे. प्रश्न मात्र तोच लागू पडतो.

अंतिम लेख्यांतील समायोजनांत दृष्टिकोनापेक्षा काळ महत्त्वाचा. १ ऑक्टोबर रोजी एका वर्षाचा विमा हप्ता रु. १२,००० दिला, हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपते. कालरेषेवर पाहता सहा महिने या वर्षाचे व सहा महिने पुढील वर्षाचे. नफा-तोटा खात्यास रु. ६,००० आणि ताळेबंदात पूर्वदत्त विमा रु. ६,०००. ‘समायोजनेचे दोन परिणाम’ हा पाठ केलेला नियम येथे बरोबर उत्तर देतो. परंतु हाच पूर्वदत्त विमा तेरीज पत्रकात आधीच दाखविलेला असेल तर तो फक्त ताळेबंदात जातो. असे का? कारण दुहेरी नोंद तेरीज तयार होण्यापूर्वीच पूर्ण झालेली आहे. तेरजेबाहेरील माहितीची नोंद अजून व्हावयाची असते, म्हणून तिचे दोन परिणाम. हे कारण ठाऊक असलेला विद्यार्थी कोणत्याही नव्या समायोजनेपुढे अडत नाही.

ताळेबंद जुळला म्हणजे उत्तर बरोबर, हा समजही येथेच दूर करावयास हवा. वरील उदाहरणात एखाद्याने विम्याची तारीख चुकीची वाचून नफा-तोटा खात्यास ९,००० व ताळेबंदात ३,००० नेले, तरी ताळेबंद जुळतोच. दोन्ही बाजू सारख्या येणे ही नोंदीच्या पूर्णतेची खूण आहे; निर्णयाच्या योग्यतेची नव्हे.

४. गुंतवणूक : मूल्य म्हणजे पुढील रकमांची आजची किंमत

गुंतवणुकीच्या उदाहरणांत कालरेषा हेच मुख्य साधन होय. दर्शनी मूल्य रु. १,०००, व्याज वार्षिक ८ टक्के, मुदत ५ वर्षे असा कर्जरोखा आहे. गुंतवणूकदाराची अपेक्षा १० टक्के परताव्याची आहे. त्याने किती किंमत द्यावी?

अदमास : रोखा ८ टक्के देतो, अपेक्षा १० टक्क्यांची, म्हणून किंमत १,००० पेक्षा कमी यावयास हवी. १,००० हून अधिक उत्तर आल्यास आकडेमोड तपासावी. उकल : पाच वर्षे दरवर्षी ८० रुपये, १० टक्के दराने वार्षिकी गुणक ३.७९०८, म्हणजे रु. ३०३.२६; पाचव्या वर्षाअखेरच्या १,००० रुपयांचे वर्तमान मूल्य रु. ६२०.९२. एकूण रु. ९२४.१८.

पडताळा मात्र विद्यार्थी क्वचितच करतात आणि आकलन तर तेथेच होते. एका वर्षानंतर याच रोख्याची मुदत चार वर्षे उरेल व त्याच दराने किंमत रु. ९३६.६० होईल. म्हणजे वर्षभरात ८० रुपये व्याज व १२.४२ रुपये मूल्यवृद्धी, एकूण ९२.४२ रुपये मिळाले. ९२४.१८ वर हे प्रमाण बरोबर १० टक्के येते. यापैकी सुमारे ८.६६ टक्के रोख व्याजाच्या व १.३४ टक्के मूल्यवृद्धीच्या रूपाने आहे. दर्शनी व्याजदर, चालू उत्पन्न आणि मुदतपूर्तीचे उत्पन्न या तीन संज्ञा पाठ करूनही न उमगणारा फरक या एका पडताळ्यात दिसतो.

भागाच्या मूल्यांकनात हीच पद्धत वापरावी. कंपनीने नुकताच प्रतिभाग रु. ५ लाभांश दिला, त्यात दरवर्षी ६ टक्के वाढ अपेक्षित आहे व अपेक्षित परतावा १४ टक्के आहे. स्थिर वाढीच्या सूत्रात अनेक विद्यार्थी अंशस्थानी ५ लिहून रु. ६२.५० उत्तर काढतात. कालरेषा आखली असती तर ‘नुकताच दिलेला’ लाभांश शून्य बिंदूवर आहे व तो नव्या खरेदीदारास मिळणार नाही, हे दिसले असते. पुढील लाभांश रु. ५.३०; भागिले ०.०८, मूल्य रु. ६६.२५. पडताळा : वर्षभरात किंमत ६ टक्क्यांनी म्हणजे रु. ३.९८ ने वाढेल, अधिक लाभांश रु. ५.३०, एकूण सुमारे रु. ९.२८, म्हणजे ६६.२५ वर १४ टक्के.

५. कंपनी वित्त : एक यंत्र, चार उत्तरे

लेखाकर्म आणि वित्त यांची गाठ सर्वांत स्पष्टपणे पडते ती भांडवली गुंतवणुकीच्या उदाहरणात. एक उद्योग रु. ५,००,००० चे यंत्र घेऊ इच्छितो. आयुष्य ४ वर्षे, भंगार मूल्य शून्य, घसारा सरळ रेषा पद्धतीने. यंत्रामुळे दरवर्षी घसारा व कर यांपूर्वी रु. २,००,००० अधिक रोख मिळेल. कर २५ टक्के व भांडवलाचा परिव्यय १० टक्के धरावा. चार वर्षांचा वार्षिकी गुणक ३.१६९९. (पुढील आकडे गुणकाचे अधिक दशांश घेऊन काढले आहेत.)

तपासावयाच्या वह्यांत साधारणतः चार प्रकारची उत्तरे आढळतात.

पहिला विद्यार्थी करोत्तर नफा घेतो. घसारा १,२५,०००, करपूर्व नफा ७५,०००, कर १८,७५०, करोत्तर नफा ५६,२५०. त्याचे वर्तमान मूल्य १,७८,३०५. निव्वळ वर्तमान मूल्य उणे ३,२१,६९५. निर्णय : नकार.

दुसरा कर विसरतो. दरवर्षी २,००,०००, निव्वळ वर्तमान मूल्य १,३३,९७३. निर्णय : स्वीकार.

तिसरा ‘घसारा रोखीने जात नाही’ हे वाक्य लक्षात ठेवून घसारा पूर्णपणे वगळतो व २,००,००० वर थेट २५ टक्के कर काढतो. दरवर्षी १,५०,०००, निव्वळ वर्तमान मूल्य उणे २४,५२०. निर्णय : नकार.

चौथा करोत्तर नफ्यात घसारा परत मिळवितो : ५६,२५० + १,२५,००० = १,८१,२५०. वर्तमान मूल्य ५,७४,५३८. निव्वळ वर्तमान मूल्य रु. ७४,५३८. निर्णय : स्वीकार. हे उत्तर योग्य आहे.

तिसऱ्या विद्यार्थ्याची चूक सर्वांत शिकवून जाणारी आहे, कारण त्याने पाठ केलेले वाक्य खरे आहे. घसारा रोखीने जात नाही. परंतु कर रोखीने जातो आणि घसाऱ्यामुळे तो कमी होतो. दरवर्षी १,२५,००० च्या २५ टक्के, म्हणजे रु. ३१,२५० ची करबचत होते. तिचे वर्तमान मूल्य रु. ९९,०५८. तिसऱ्याच्या उणे २४,५२० मध्ये ही रक्कम मिळविली की चौथ्याचे ७४,५३८ हे उत्तर मिळते. म्हणजे या उदाहरणात यंत्र घ्यावे की नाही हा निर्णय सर्वस्वी करबचतीवर अवलंबून आहे. येथे आणखी एक इशारा द्यावा. प्रत्यक्षात ताळेबंदासाठीचा घसारा व आयकरासाठीचा घसारा वेगळे असतात. कंपनी अधिनियम २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात मालमत्तांचे उपयुक्त आयुष्य दिले आहे, तर आयकरात सर्वसाधारणपणे मालमत्ता-गटाच्या घटत्या शिलकेवर घसारा मिळतो. करबचत काढताना दुसरा आकडा घ्यावयाचा असतो.

व्याजाविषयीची चूकही नित्याची. यंत्र कर्जातून घेतले असे सांगितले की विद्यार्थी रोख प्रवाहातून व्याज वजा करतो आणि पुन्हा १० टक्क्यांनी वटावतो. भांडवल पुरविणाऱ्यांचा मोबदला वटावाच्या दरात आधीच समाविष्ट असल्याने हा खर्च दोनदा मोजला जातो.

आता पहिल्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याचा नफ्याचा आकडा चुकीचा नाही. लेखाकर्माच्या दृष्टीने तोच योग्य आहे. चार वर्षांचा एकूण नफा ५६,२५० × ४ = रु. २,२५,०००. एकूण रोख आवक १,८१,२५० × ४ = ७,२५,०००; तीतून यंत्राची किंमत ५,००,००० वजा जाता रु. २,२५,०००. दोन्ही आकडे समान आहेत. संपूर्ण आयुष्याचा विचार करता नफा व रोख यांत भेद नाही. भेद आहे तो केवळ काळाचा. लेखाकर्म यंत्राची किंमत चार वर्षांवर विभागते, कारण त्याला प्रत्येक वर्षाची कामगिरी मोजावयाची असते. वित्त ती किंमत पहिल्याच दिवशी मोजते, कारण पैसे त्याच दिवशी गेले. पहिल्या विद्यार्थ्याने यंत्राची किंमत आरंभी एकदा व घसाऱ्याच्या रूपाने पुन्हा, अशी दोनदा वजा केली. हे समीकरण फळ्यावर एकदा मांडले की ‘घसारा परत का मिळवावयाचा’ हा प्रश्न उरत नाही.

याच कारणामुळे लेखांकित परताव्याचा दर (५६,२५० भागिले सरासरी गुंतवणूक २,५०,०००, म्हणजे २२.५ टक्के) आणि अंतर्गत परताव्याचा दर (सुमारे १६.७ टक्के) भिन्न येतात. पहिल्यास काळाचे भान नाही.

६. वर्गाबाहेरचे उदाहरण

ही पद्धत परीक्षेपलीकडे कोठे उपयोगी पडते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. रु. १,२०,००० चे कर्ज, मुदत एक वर्ष, व्याज ‘सपाट १० टक्के’. व्याज १२,०००, बारा हप्ते, प्रत्येकी रु. ११,०००. कर्जदार समजतो की दर १० टक्के आहे.

कालरेषा आखली की दिसते, मुद्दल दरमहा कमी होत आहे. अदमास करावयाचा तर वर्षभरात सरासरी येणे मुद्दल सुमारे ६५,००० एवढेच राहते. त्यावर १२,००० व्याज म्हणजे १८ टक्क्यांहून थोडे अधिक. अचूक आकडेमोडीत १,२०,००० भागिले ११,००० म्हणजे १०.९०९ हा गुणक येतो. दरमहा दीड टक्के दराचा बारा महिन्यांचा गुणक १०.९०८ आहे. म्हणजे खरा दर दरमहा जवळजवळ दीड टक्का, वर्षाला सुमारे १८ टक्के.

रिझर्व्ह बँकेने आपल्या नियमनाखालील संस्थांना १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ व लघुउद्योग मुदत कर्जांसाठी वार्षिक टक्केवारी दर नमूद करणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. सहकारी पतसंस्था मात्र राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात, आणि ओळखीचा सावकार तर बहुधा असे विवरण देत नाही. तेथे कर्जदाराचे संरक्षण करणारे साधन त्याच्या घरातील वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हेच असू शकते. त्याला वार्षिकीचे सूत्र पाठ असून ते येथे लावता आले नाही, तर आपण त्याला नेमके काय शिकविले, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.

७. अध्यापकांसाठी काही सूचना

(१) गृहपाठाच्या दहा गुणांपैकी दृष्टिकोन व कालरेषेस तीन, अदमासास एक, आकडेमोडीस तीन, पडताळा व अर्थ लिहिण्यास तीन, अशी विभागणी करून पाहावी. केवळ उतरविलेल्या उत्तरास मग निम्मेही गुण मिळत नाहीत.

(२) अंतिम उत्तर प्रश्नासोबतच द्यावे. त्यामुळे नक्कल करण्याचा हेतूच उरत नाही व लक्ष उकलीकडे वळते.

(३) चुकीची सोडवणूक देऊन चूक शोधावयास सांगावे. वरील चार विद्यार्थ्यांची उत्तरे हा एक तयार गृहपाठ आहे.

(४) सोडविलेल्या उदाहरणात एकच घटक बदलून परिणाम विचारावा. ‘कर शून्य झाला तर कोणत्या दोन विद्यार्थ्यांची उत्तरे एकसारखी होतील, आणि का?’ करच नसेल तर करबचतही नाही. म्हणून दुसरा, तिसरा व चौथा हे तिघेही एकाच उत्तराशी येतात. प्रश्नात ‘दोन’ असे म्हटले असूनही जो विद्यार्थी तिघांची नावे सांगतो, त्याला विषय समजला आहे.

(५) लेखाकर्म व वित्त शिकविणाऱ्या अध्यापकांनी वर्षातून निदान एक उदाहरण सामाईक घ्यावे. एकच यंत्र दोन्ही तासांना फळ्यावर आले तर विषयांमधील भिंत आपोआप खाली येते.

मोठ्या वर्गांत एवढी तपासणी शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गृहपाठातील सर्व वह्या न तपासता, यादृच्छिक निवडलेल्या काही विद्यार्थ्यांना दोन मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. ‘ही रक्कम या वर्षात का लिहिली?’ एवढा एक प्रश्न बहुधा पुरेसा होतो.

८. समारोप

लेखाकर्म, गुंतवणूक व कंपनी वित्त यांतील प्रारंभिक उदाहरणे अवघड नसतात. अवघड असते ते त्यांच्यामागील प्रश्न ओळखणे. ‘कोणाचे?’ आणि ‘केव्हाचे?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली की नावे-जमेचे नियम, समायोजनांची यादी व वर्तमान मूल्याची सूत्रे यांची संगती लागते. आकडेमोड यापुढे यंत्रे अधिकाधिक करतील. मात्र यंत्रापुढे मांडावयाची कालरेषा बरोबर आहे काय, आणि आलेले उत्तर व्यवहारात टिकेल काय, हे ठरविण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच राहील. गृहपाठ हे त्या जबाबदारीच्या पूर्वतयारीचे साधन आहे, आणि ते तसे राहील हे पाहणे अध्यापकाचे काम आहे.